पट्टा बदलला, पण बसला काय?

गेल्या खेपेस या सदरांत आम्हीं शिवणयंत्राविषयीं लिहिलें, तेव्हां एका भगिनीनें पत्रांतून विचारलें होतें कीं, सुई बरोबर, दोरा बरोबर, तेल घातलेलें, तरी टांका सुटतो तो कां? उत्तर आम्हीं पत्रानेंच धाडलें: सुई खालीं येण्याचा क्षण आणि खालच्या शटलनें दोऱ्याचा फांसा उचलण्याचा क्षण एकमेकांशीं जुळत नाहींत; बाकी यंत्राचें कांहीं बिघडलेलें नाहीं. हें उत्तर धाडून आठ दिवस झाले नाहींत, तों तोच प्रश्न आमच्या स्वतःच्या अंगणांत दोन चाकांवर येऊन उभा राहिला. आणि या वेळीं नुसता टांका सुटून भागणारें नव्हतें.

त्याचें झालें असें. आमच्या थोरल्या बंधूंच्या चिरंजीवांनीं डुकाटी या इटालियन कंपनीची स्क्रँबलर नांवाची ८०३ घनसेंटिमीटरची मोटरसायकल दुसऱ्याच्या हातची विकत घेतली, आणि विकत घेतल्यावर घरांत सांगितलें. या क्रमावरून घरांतील हवा कशी असेल याची कल्पना आमच्या वाचकांस सहज येईल. वहिनी दोन दिवस त्याच्याशीं कामापुरतें बोलल्या. बंधूंनीं वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलें तें खालीं केलें नाहीं. सूनबाई मात्र गाडीच्या बाजूच्या. कारण येत्या आठवड्यांत पसरणीच्या घाटानें महाबळेश्वरास जाण्याचा बेत दोघांनीं आधींच ठरविला होता. अखेर सर्वांनीं मिळून प्रकरण काकांपुढें नेलें. काकांचें वय ८४. रेल्वेच्या परळच्या कारखान्यांत फिटर म्हणून लागले आणि पस्तीस वर्षांनीं बरेच वर चढून बाहेर पडले. पुतण्यानें मोठ्या उमेदीनें त्यांच्यापुढें एक कागद ठेवला. पूर्वीच्या मालकानें चार महिन्यांपूर्वीं इंजिनाचे दोन्ही पट्टे एका कारखान्यांत नवे घालून घेतले होते, त्याचें तें बिल. काकांनीं चष्मा लावून तें सावकाश वाचलें आणि म्हणाले, “बाळ, हें पट्टे घेतल्याचें बिल झालें. ते नीट बसल्याचा कागद कोठें आहे?”

असा कागद जगांत कोणी देत नाहीं, हें काकांसही ठाऊक होतें. तो आपला आपण पाहून करावयाचा असतो. तो कसा पाहावा हें त्या रविवारीं आम्हीं विजेरी हातांत धरून पाहिलें, तें येथें सांगतों.

प्रथम पट्टा कशाचा, हें समजून घेतलें पाहिजे. इंजिनांत दट्ट्या खालींवर होतो आणि त्याच्या वर झडपा असतात; एका झडपेनें पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण आंत येतें, दुसरीनें जळलेला धूर बाहेर जातो. दट्ट्याच्या चार खेपांत, म्हणजे खालच्या मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्यांत, प्रत्येक झडप एकदांच उघडावयाची. म्हणून झडपा हालविणारा वरचा दांडा, ज्यास कॅमशाफ्ट म्हणतात, तो खालच्या दांड्याच्या निम्म्या गतीनें फिरला पाहिजे. निम्म्याहून रतिभर कमी नाहीं कीं जास्त नाहीं. खालचा दांडा मिनिटास सहा हजार फेरे घेत असतांना वरचा तीन हजार घेतो. म्हणजे एकेक झडप सेकंदास पन्नास वेळां उघडते आणि मिटते. झडप पुरती उघडी असतांना दट्ट्या वर आला तर दोघांची टक्कर होण्याइतकी जागा या जातीच्या इंजिनांत अपुरी असते. हे दोन दांडे एकमेकांशीं बांधून ठेवण्याचें काम कोठें दंतचक्रें करतात, कोठें सांखळी करते, आणि कोठें आंतून दांते पाडलेला रबरी पट्टा करतो.

हा दांतेरी पट्टा मूळचा शिवणयंत्राच्या घरचा आहे, हें वाचून आमच्या भगिनींस गंमत वाटेल. १९४० च्या पुढच्या वर्षांत अमेरिकेंत तो शिवणयंत्राच्या वरच्या आणि खालच्या हालचालींचा मेळ राखण्यासाठीं पुढें आला. १९६० नंतर लौकरच जर्मनींतील ग्लास कंपनीनें तो आपल्या मोटारीच्या इंजिनांत घातला. १९७५ च्या सुमारास होंडाच्या गोल्ड विंग या भल्या थोरल्या मोटरसायकलींत तो आला. डुकाटीचें घराणें इटलींतील बोलोन्या शहराचें. १९२६ सालीं तें रेडिओचे भाग करण्यासाठीं निघालें आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दुचाकींकडे वळलें. तेथील फाबिओ ताल्योनी या यंत्रशास्त्रज्ञानें झडप स्प्रिंगच्या जोरावर न मिटतां दुसऱ्या एका दांडीनेंच ओढून मिटविण्याची योजना १९५६ सालीं शर्यतीच्या गाडींत यशस्वी करून दाखविली. त्या झडपा हालविण्यासाठीं पूर्वीं उभा दांडा आणि तिरप्या दांत्यांचीं चक्रें असत. तीं दिसावयास देखणीं, पण जुळवावयास वेळखाऊ आणि महाग. म्हणून १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पँटा नांवाच्या गाडीपासून त्यांच्या जागीं दोन दांतेरी पट्टे आले. पुतण्याच्या गाडींत तीच परंपरा आहे.

येथें एक खुलासा करून ठेवतों, म्हणजे पत्रांचा भार कमी होईल. आपल्याकडील नित्याच्या बहुतेक मोटरसायकलींत हा पट्टा नसतो, सांखळी असते. बुलेटच्या जुन्या इंजिनांत तर दंतचक्रें आणि लांब काठ्या आहेत. गिअर न बदलणाऱ्या स्कूटरींत जो रबरी पट्टा असतो तो मागील चाकास गति देणारा; त्याचा झडपांशीं कांहीं संबंध नाहीं. तो तुटला तर गाडी उभी राहते, इतकेंच. उलट कित्येक मोटारींत मात्र हाच दांतेरी पट्टा असतो; मध्यमवर्गाच्या दारांत पहिल्यानें आलेल्या मारुती ८०० मध्यें तो होता. तेव्हां पुढील मजकूर अगदींच परक्या घरचा समजूं नये.

रविवारीं सकाळीं काकांनीं पहिली आज्ञा केली ती ही कीं, गाडी रात्रभर सुरू झालेली नसावी. इंजिन तापलें म्हणजे त्याचा अॅल्युमिनियमचा देह वाढतो, कप्प्यांमधील अंतर वाढतें आणि पट्टा ताणला जातो. म्हणून जें पाहावयाचें तें थंड इंजिनावर. जमिनीवर जुनें वर्तमानपत्र पसरलें. वहिनींच्या फराळाच्या डब्याचें झांकण बोल्ट ठेवण्यासाठीं मागून घेतलें. तें त्यांनीं न बोलतां दिलें. गाडीच्या उजव्या अंगाचीं झांकणें निघालीं आणि आंतील रचना दिसली. या इंजिनाचीं दोन सिलिंडरें एकमेकांशीं काटकोन करून बसलेलीं आहेत, एक जवळजवळ आडवें, पुढच्या चाकाकडे तोंड करून, दुसरें उभें. मधल्या एका लहान दांड्यावर दोन दांतेरी कप्प्या आहेत; हा दांडा आंतील दंतचक्रांमुळें अगोदरच निम्म्या गतीनें फिरतो. त्यांतील एका कप्पीवरून एक पट्टा आडव्या सिलिंडराच्या टोकाकडे जातो, दुसरीवरून दुसरा उभ्याकडे. प्रत्येक पट्ट्याच्या वाटेवर दोन गुळगुळीत फिरक्या. एक जागच्या जागीं, दुसरी सरकवून ताण देण्याची.

आम्ही उत्सुकतेनें पट्ट्यांकडे पाहूं लागलों. पण काकांनीं पाहिलें तें काढलेल्या झांकणांच्या आंतल्या बाजूस. पट्टा नीट चालत नसेल तर तो आपली तक्रार प्रथम तेथें लिहितो, असें ते म्हणाले. सूनबाईंनीं पांढऱ्या रुमालाचें टोंक आंतून फिरविलें. उभ्या सिलिंडराच्या झांकणांतून थोडी धूळ आली. आडव्याच्या झांकणांतून आलें तें काजळासारखें काळें, बोटास चिकटणारें. नवा पट्टा पहिल्या दिवसांत थोडी भुकटी टाकतो हें खरें. पण दोन पट्टे एकाच दिवशीं घातलेले, एकाच गाडींत तितकेच चाललेले, आणि एक दुसऱ्याच्या दसपट झिजतो, याला कांहीं कारण असलें पाहिजे.

मग काकांनीं विजेरीचा झोत मोठ्या नटांवर टाकवला. या कप्प्या ज्या गोल नटांनीं आंवळलेल्या असतात, त्यांच्या कडेस खांचा असतात आणि त्यांत बसणारा खास पाना लागतो. ज्याच्यापाशीं तो नसतो तो खांचेंत छिन्नी धरून वर हातोडी मारतो. आडव्या सिलिंडराच्या नटाच्या दोन खांचांच्या कडा चेपलेल्या आणि चकाकणाऱ्या होत्या. हें नुसतें कुरूप काम नव्हे. हातोडीनें आंवळलेल्या नटास किती जोर बसला हें कोणासच सांगतां येत नाहीं. शिवाय त्या ठोक्यांनीं कप्पीस दांड्यावर धरून ठेवणारी बारीक चावी दुखावण्याचा संभव असतो. हा पुरावा कोणाही गृहस्थास, यंत्रविद्या न शिकतां, स्वतःच्या डोळ्यांनीं पाहतां येईल, म्हणून आम्ही त्यास फार किंमत देतों. ज्या कारखान्यानें हत्याराविना काम केलें, त्यानें आणखी काय काय केलें असेल, असा प्रश्न तेथूनच विचारावयास लागावें.

यानंतर खुणा. प्रत्येक कप्पीवर एक रेघ किंवा ठिपका असतो आणि तिच्यासमोर न हालणाऱ्या अंगावर दुसरी खूण असते. आडव्या सिलिंडराचा दट्ट्या दाबाच्या खेपेच्या शेवटीं अगदीं वर आला म्हणजे या सर्व जोड्या एकाच वेळीं समोरासमोर आल्या पाहिजेत. दोन्ही स्पार्क प्लग काढून घेतले, मागचें चाक स्टँडवर उचललें, गाडी वरच्या गिअरमध्यें घातली, आणि पुतण्यानें चाक हातानें पुढें, चालण्याच्याच दिशेनें, हळूहळू फिरविलें. मध्येंच कोठें अडलें तर जोर करावयाचा नाहीं, हात सोडून बाजूस व्हावयाचें, अशी सक्त ताकीद होती. कारण तें अडणें म्हणजे झडप आणि दट्ट्या यांची भेट असूं शकते, आणि हाताच्या जोरानेंही झडप वांकते. सुदैवानें कोठें अडलें नाहीं. मुख्य दांड्याच्या दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि खुणा समोरासमोर आल्या.

येथें आमची एक फजिती झाली ती लपवीत नाहीं. पट्ट्यावरही पांढऱ्या रेघा होत्या. बसवितांना सोयीसाठीं मारलेल्या. पहिल्यानें त्या कप्पीच्या खुणांशेजारीं दिसत होत्या; दोन फेऱ्यांनंतर पाहतों तों भलतीकडेच गेलेल्या. आम्हीं मोठ्यानें “पट्टा सरकला!” म्हणून सांगितलें, आणि बंधूंचें वर्तमानपत्र प्रथमच खालीं आलें. काका हंसले. पट्ट्याच्या दांत्यांची संख्या कप्पीच्या दांत्यांच्या पटींत नसते; त्यामुळें कप्पीची फेरी पुरी झाली तरी पट्ट्याची होत नाहीं, आणि त्याच्यावरील रेघा पुष्कळ फेऱ्यांनंतरच मूळ जागीं येतात. पाहावयाच्या त्या कप्प्यांच्या आणि अंगावरच्या खुणा, पट्ट्यावरच्या नव्हेत. आमच्यासारखे शहाणे घरोघरीं असतात, म्हणून हें विस्तारानें लिहिलें.

एक दांत चुकला असता तर काय, असें पुतण्यानें विचारलें. काकांनीं हिशेब त्यालाच करावयास लावला. कप्पीस वीस दांते आहेत असें धरलें, तर एका दांत्याचे १८ अंश होतात. वरचा दांडा १८ अंश चुकला म्हणजे खालच्या दांड्याच्या मापानें ३६ अंश. इतक्या चुकीनें गाडी कदाचित् सुरू होईल, पण धुसफुसेल, जोर धरणार नाहीं. आणि दोन दांत चुकले तर बहुधा पहिल्याच फेरींत ठोका ऐकूं येईल. म्हणजे ही चूक ओरडून सांगणारी आहे. गाडी सुरेख चालत होती. तेव्हां खुणा बरोबर असणार हें काकांस आधींच वाटत होतें. त्यांना भीति होती ती न ओरडणाऱ्या चुकीची.

ती सूनबाईंना सांपडली. काका आणि पुतण्या ताणाच्या फिरकीकडे वळले होते. सूनबाई दोन्ही वरच्या कप्प्यांकडे आळीपाळीनें पाहत होत्या आणि थोड्या वेळानें त्यांनीं संकोचानें विचारलें, “आजोबा, या उभ्या बाजूच्या चकतीचा कांठ माझ्याकडे वळला आहे, आणि त्या आडव्या बाजूच्या चकतीचा पट्ट्याकडे. दोन्ही सारख्याच नकोत का?”

काका वांकून पाहूं लागले आणि बराच वेळ उठले नाहींत.

या चकतीचें काम समजण्यासाठीं पिठाची गिरणी डोळ्यांपुढें आणावी. गिरणीचा सपाट पट्टा कप्पीवरून उतरूं नये म्हणून कप्पी मध्यें किंचित् फुगीर करतात. पट्टा आपोआप त्या फुगीर भागाकडे ओढला जातो. दांतेरी कप्पी अशी फुगीर करतां येत नाहीं. दांते सरळच हवेत. म्हणून पट्ट्यास रस्त्यावर ठेवण्यासाठीं कप्पीच्या कडेस पातळ लोखंडी चकत्या असतात, रस्त्याच्या कठड्यासारख्या. त्यांचा कांठ पट्ट्यापासून दूर, बाहेरच्या अंगास कललेला असतो. म्हणजे पट्टा चुकून कडेस आला तरी त्या उतारावरून हळूच परत मध्यें यावा. तीच चकती उलट बसविली म्हणजे कलता कांठ पट्ट्याच्या अंगावर येतो. मग ती कठड्याचें काम सोडून किसणीचें काम करूं लागते. सेकंदास पन्नास फेऱ्यांनीं चालणारी ती किसणी चार महिने पट्ट्याची कड किसत होती. काकांनीं नखानें ती कड वर उचलली. कापडाचे तंतु सुटून लोंबत होते, आणि त्यांच्या आंत, ज्या कांचेसारख्या बळकट धाग्यांवर पट्ट्याचा सारा जीव असतो, त्यांतील पहिला धागा उघडा पडला होता.

खुणा बरोबर, आवाज बरोबर, बिल बरोबर. आणि पट्टा अर्ध्या वाटेवर. तो किती किलोमीटरांनंतर तुटला असता हें कोणी सांगूं शकत नाहीं. उद्यां तुटला असता असें आम्ही म्हणत नाहीं. पण तुटला असता तर त्या सिलिंडराच्या झडपा जेथल्या तेथें थांबल्या असत्या, दट्ट्या मात्र वर येतच राहिला असता. इंजिन त्या क्षणीं जागच्या जागीं अडकूं शकतें, आणि तें अडकलें म्हणजे क्लच ओढण्याचें भान राहीपर्यंत मागचें चाकही अडतें. पसरणीच्या घाटांत, वळणावर, मागें भरलेला ट्रक असतांना, पाठीवर बायको बसलेली असतांना. हें वाक्य काकांनीं उच्चारलें नाहीं. वहिनी दारांत येऊन उभ्या होत्या, त्यांनीं तें ओळखलें.

राहिला ताण. फार सैल पट्टा दांत उडवितो. फार ताठ पट्टा स्वतः थकतो आणि फिरक्यांचीं बेअरिंगें खातो, व चालतांना बारीक कण्हल्यासारखा आवाज करतो. पट्ट्याचा मोकळा भाग तंबोऱ्याच्या तारेसारखा छेडला तर त्याचा स्वर निघतो, आणि तो स्वर ताणाबरोबर चढतो. हल्लींचे कारागीर याच तत्त्वावर मोबाइल जवळ धरून सेकंदास किती कंपनें होतात हें मोजतात. बरोबर आंकडा त्या त्या इंजिनाच्या पुस्तिकेंत असतो, आणि नव्या पट्ट्याचा व चाललेल्या पट्ट्याचा एकच असेल असें धरून चालूं नये. आमच्या घरांत तंबोऱ्याचे कान असलेल्या एकट्या वहिनी. त्यांनीं पदर खोंचला, दोन्ही पट्टे बोटानें छेडून पाहिले, आणि उभा पट्टा आडव्याहून बराच चढा आहे असा निकाल दिला. या गाडीचे दोन्ही पट्टे एकाच जातीचे. तेव्हां इतका फरक असावयास नको होता. कानानें शंका घ्यावी, माप मात्र साधनानेंच घ्यावें, असें काकांचें मत पडलें. परंतु पुढें माप घेतलें तेव्हां वहिनींचा निकाल खरा ठरला, हें नमूद करणें आम्हांस भाग आहे. फिरक्या हातानें फिरवून पाहिल्या. एक तेलांत बुडाल्यासारखी मऊ फिरली, दुसरींत वाळूचा कण असल्यासारखें बोटास लागलें. तीही बदलावयाच्या यादींत गेली.

कारखान्याकडे जाण्याचा प्रसंग आम्हांस गोड वाटला नाहीं. मालकांचें पहिलें वाक्य, “गाडी चालते ना?” हें होतें, आणि दुसरें, बिल तुमच्या नांवाचें नाहीं, हें. काकांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं काम करणाऱ्या मुलास बोलावून घेण्याची विनंती केली आणि पट्ट्याची कड व चकती त्याच्या हातांत दिली. मुलगा बाविसतेविसाचा असेल. त्यानें चकती एकदां अशी, एकदां तशी फिरविली, आणि त्याचा चेहरा उतरला. दोन्ही कप्प्या एकदम सोडून सगळे भाग एकाच ट्रेमध्यें टाकले होते, असें त्यानें आपण होऊन सांगितलें. काकांनीं त्यास रागें भरलें नाहीं. परळास असतांना आपण उस्तादाच्या हाताखालीं काढलेला प्रत्येक भाग निघाला त्याच क्रमानें आणि त्याच तोंडानें फळीवर मांडून ठेवीत असूं, असें त्यांनीं त्याला सांगितलें, “तुझ्या खिशांत तर मोबाइल आहे, सोडण्याआधीं एक छायाचित्र काढ,” असेंही सांगितलें. मुलगा “होय आजोबा” म्हणाला. मालकांनीं मजुरी घेतली नाहीं. नव्या पट्ट्यांची आणि फिरकीची किंमत मात्र पुतण्याकडूनच घेतली. ती त्यांनीं सोसावयास हवी होती असें आमचें मत तेव्हां होतें आणि आजही आहे. चेपलेला नट बदलून दिला, आणि तो या वेळीं खऱ्या पान्यानें आंवळला गेला. आम्ही तेथेंच उभे होतों.

आणखी एक बारीकसारीक गोष्ट त्या दिवशीं कळली. नवा पट्टा डब्यांतून काढतांना मुलगा तो दोन बोटांत चिमटून वांकवूं लागला, तेव्हां काकांनीं त्याचा हात धरला. पट्ट्याच्या आंतील धागे ओढ सोसतात, मोड सोसत नाहींत. जरीचा शालू वर्षानुवर्षें एकाच घडीवर ठेवला तर तेथेंच चिरतो, तसेंच याचें आहे. तेलाचा हातही त्यास लावूं नये. एकदां चाललेला पट्टा कांहीं कारणानें काढून परत घालावयाचा झाला, तर तो पूर्वीं ज्या दिशेनें धांवत होता त्याच दिशेनें घालावा. आणि कड किसलेला पट्टा कात्रीनें साफ करून परत घालण्याची काटकसर कोणी सुचविली तर त्या मनुष्याच्या हातीं सायकलही देऊं नये. दोन पट्ट्यांपैकीं एकच खराब झाला तरी दोन्ही बदलावे. पुस्तिकेंत मुदत किलोमीटरांची आणि वर्षांची अशी दुहेरी दिलेली असते. जी अगोदर भरेल ती खरी. गाडी अंगणांत नुसती उभी राहिली तरी रबराचें वय वाढतच असतें. वापरलेली दुचाकी किंवा मोटार घेणाऱ्यांनीं म्हणून बिलावरची तारीखही वाचावी, नुसता किलोमीटरांचा आंकडा नव्हे.

महाबळेश्वरचा बेत पंधरा दिवस लांबला. निघण्याच्या पहाटे सूनबाईंनीं स्वतः विजेरी घेऊन इंजिनाशीं कांहीं वेळ घालविला. नवें काम झाल्यावर पहिल्या पांचशें किलोमीटरांनीं झांकण काढून रुमाल फिरवावयाचा, असें त्यांनीं आपल्या हिशेबाच्या वहींत लिहून ठेवलें होतें, आणि तोंपर्यंत गाडी गांवांतल्या गांवांत इतकी चालून झाली होती. रुमाल पांढराच निघाला. वहिनींनीं बेसनाच्या लाडवांचा डबा मागच्या थैलींत घातला आणि “पोंचल्याबरोबर फोन कर,” इतकेंच चिरंजीवांस म्हणाल्या. दुपारीं फोन आला तेव्हां बंधूंनीं तो स्वतः घेतला.

किसलेला पट्टा काकांनीं आपल्या खोलींत पंचांगाच्या खिळ्यालाच अडकवून ठेवला आहे. त्याच्याबरोबर ती चकतीही दोऱ्यानें बांधलेली आहे, कांठ पट्ट्याकडे करून. घरीं येणाऱ्या प्रत्येकास ते ती हातांत देतात आणि विचारतात, “यांत चूक कोणती?” अद्याप दोघांनींच ओळखली, त्यांतील एक आमची नववींत शिकणारी भाची होय.

पुढील अंकीं गच्चीवर पाणी चढविणाऱ्या पंपाविषयीं लिहूं. नाशिकच्या ज्या वाचकांनीं पंप सुरू करतांना प्रत्येक वेळीं आंत पाणी ओतावें लागतें अशी तक्रार केली आहे, त्यांनीं विहिरींतील नळाच्या तळाची झडप तेवढी तपासून आम्हांस कळवावें.